फोन कुणाच्या नावावर?

(युवा शिबिरातल्या भाषणाचं शब्दांकन)



संयोजकांनी मला ‘तंत्रज्ञान आणि तरुणाई’ असा विषय दिला होता. या नावाखाली काहीही बोलता येतं, म्हणून मी तो लहान करून घेतला. आज फक्त फोनबद्दल बोलते. गेल्या वर्षी मी कोणता फोन घेतला, तो आकाराने लहानच का घेतला, त्यातली मूळ ऑपरेटिंग सिस्टीम काढून दुसरी का टाकली, आणि त्यामुळे काय जमतं, काय जमत नाही. मी इंजिनियर आहे, बारा वर्षं सॉफ्टवेअर लिहिते आहे, त्यामुळे थोडं तांत्रिक होईल. कळलं नाही तर मध्येच थांबवा.

सुरुवात नमाजपासून करते, कारण गोष्ट तिथलीच आहे. २०२० च्या नोव्हेंबरमध्ये ‘मदरबोर्ड’ या अमेरिकी संकेतस्थळाने एक बातमी दिली. ‘मुस्लिम प्रो’ हे नमाजच्या वेळा आणि किब्ल्याची दिशा दाखवणारं ॲप तोवर जगभरात ९ कोटी ८० लाखांहून जास्त वेळा डाउनलोड झालेलं होतं. या ॲपमधून वापरणाऱ्यांचं लोकेशन ‘एक्स-मोड’ नावाच्या कंपनीकडे जात होतं, आणि ती कंपनी असली माहिती ज्यांना विकायची त्यांत अमेरिकी लष्कराचे कंत्राटदार होते. ॲपच्या कंपनीने लष्कराला थेट माहिती विकल्याचं नाकारलं आणि एक्स-मोडशी संबंध तोडले. दोन महिन्यांनी नमाजच्याच दुसऱ्या एका ॲपबद्दल तशीच बातमी आली. पुढे जानेवारी २०२४ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने एक्स-मोडच्या वारस कंपनीवर संवेदनशील ठिकाणांची माहिती विकायला बंदी घातली. संवेदनशील म्हणजे दवाखाने, प्रार्थनास्थळं, अशी ठिकाणं.

हे होतं कसं? ॲप बनवणारा माणूस सगळा कोड स्वतः लिहीत नाही. तयार तुकडे आणून जोडतो: एक जाहिरातींचा, एक नकाशाचा, एक आकडेवारीचा. त्यातल्या काही तुकड्यांची कंपनी उलट ॲपवाल्यालाच पैसे देते. अट एवढीच की तुकडा आत ठेवायचा. तुम्ही ॲपला लोकेशनची परवानगी देता ती फज्रची वेळ कळावी म्हणून, पण त्याच परवानगीवर आतला पाहुणाही जेवून जातो. यात हॅकिंग वगैरे काही नाही. तुम्हीच ‘परवानगी द्या’वर बोट ठेवलेलं असतं.

आता गंमत बघा. नमाजच्या वेळा काढायला तुमचं घर कुठल्या गल्लीत आहे हे कळायची गरजच नसते. तारीख आणि शहराचे अक्षांश-रेखांश एवढं पुरतं, बाकी त्रिकोणमिती आहे. मोजणी फोनच्या आत, इंटरनेटशिवाय होते. किब्ल्याचंही तसंच. पुण्यातून तो बरोबर पश्चिमेपासून साधारण ११ अंश उत्तरेकडे आहे, आणि तुम्ही कात्रजला असा की निगडीला, त्यात जाणवण्यासारखा फरक पडत नाही. आमच्या मिरजेत मोहल्ल्यातले वडीलधारे हे काम मशिदीच्या भिंतीवर लावलेल्या वेळापत्रकावर करत, आणि त्या वेळापत्रकाला कुणाचं लोकेशन लागत नव्हतं. ॲपने शहराचं नाव विचारावं आणि गप्प बसावं, एवढीच अपेक्षा आहे.

पण मी फोन बदलला तो अमेरिकी लष्करामुळे नाही. खरं कारण घरातलं आहे.

माझ्या खालाची एक मुलगी आहे, बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला. नाव सांगत नाही. तिला फोन तिच्या भावाने घेऊन दिला. दुकानातच त्याने तो सुरू केला, स्वतःच्याच गुगल अकाउंटवर. प्रेमानेच केलं, पोरीला काय कळतं म्हणून. पण त्या दिवसापासून ती यूट्यूबवर काय बघते, कोणतं ॲप टाकते, नकाशावर काय शोधते, फोन या क्षणी कुठे आहे, हे सगळं भावाच्या अकाउंटमध्ये जमा व्हायला लागलं. भाऊ मुद्दाम बघायचाच असं नाही. पण एकदा तिने स्पर्धा परीक्षेच्या क्लासचा पत्ता शोधला, तर संध्याकाळी जेवताना त्याने विचारलं, “शिवाजी रोडवर काय काम होतं?” ती मला म्हणाली, “आपा, मी काही चुकीचं नाही केलं, पण मला उत्तर द्यावं लागलं.”

हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. आपल्याकडे गोपनीयतेची चर्चा निघाली की लगेच सरकार, पेगासस, मोठ्या कंपन्या. तेही खरंच आहे. पण आपल्यातल्या कितीतरी मुलींसाठी आणि काही मुलांसाठीसुद्धा पहिला पहारेकरी घरातच असतो, आणि त्याच्या हातात चावी कोण देतं, तर फोनवरचं अकाउंट. बिल कुणाच्या नावावर आहे याने फारसा फरक पडत नाही. फोन कुणाच्या अकाउंटवर चालतो, त्याचा तो असतो.

“तेरेकू क्या छुपाना है?” हा प्रश्न तुम्ही सगळ्यांनी ऐकला असेल. चौकात पोलीस विचारतो, घरात मोठा भाऊ विचारतो. न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी हे कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायाधीश. ऐंशी उलटल्यावर ते आधारच्या विरोधात सर्वोच्च न्यायालयात गेले. त्यांच्याच खटल्यात २४ ऑगस्ट २०१७ ला नऊ न्यायाधीशांच्या पीठाने एकमताने सांगितलं की खासगीपण हा मूलभूत अधिकार आहे. म्हणजे दार लावून घ्यायला कारण सांगावं लागत नाही. निकाल सरकारला बांधतो, भावाला नाही, हे मला माहीत आहे. तरी विचार म्हणून तो घरातही न्यावा असं मला वाटतं.

तर मला असा फोन हवा होता जो कुठल्याही अकाउंटशिवाय सुरू होईल आणि चालेल. आणि दुसरी अट: हातात मावेल.

हसू नका. बाजारात आज मिळणारे बहुतेक फोन साडेसहा-पावणेसात इंचांचे आहेत, वजन दोनशे ग्रॅमच्या आसपास किंवा वर. माझ्या आधीच्या फोनची रुंदी जवळजवळ ७७ मिलिमीटर होती. एका हातात बॅग, लोकलची नाही तरी पीएमपीची दांडी धरलेली, अशा वेळी अंगठा वरच्या कोपऱ्यापर्यंत पोचतच नाही. मग फोन छातीशी टेकवायचा, खाली सरकवायचा, पाडायचा. शिवाय आपल्या कुर्त्यांना खिसे नसतात, असले तर रुमालापुरते. फोन हातातच राहतो, आणि बसमध्ये हातात असलेला मोठा पडदा शेजारचे तिघे वाचतात. लहान फोनचा हा फायदा कुठल्याच जाहिरातीत लिहीत नाहीत.

फोन निवडताना इंचांकडे बघू नका. इंच म्हणजे कर्ण, आणि कडा पातळ झाल्यामुळे कर्ण वाढला तरी फोन तेवढाच राहू शकतो. रुंदी बघा. माझ्या हाताला ७१ मिलिमीटरपर्यंत चालतं. वहीवर पट्टीने आखून पुठ्ठा कापा आणि हातात धरून बघा, मी तसंच केलं. खरोखर लहान फोन आता दुर्मिळ झालेत. ॲपलचा १३ मिनी ६४ मिलिमीटर रुंद होता, त्याची विक्री कंपनीने २०२३ मध्ये बंद केली. आसुसचा झेनफोन १० हा ५.९ इंचांचा होता, पुढचा झेनफोन थेट पावणेसात इंचांच्या वर गेला. लहान फोन विकले जात नाहीत असं कंपन्या म्हणतात. ज्यांचे हात लहान आहेत त्यांच्यातल्या बऱ्याचजणी स्वतःचा फोन स्वतः विकत घेत नाहीत, हेही त्या हिशेबात धरायला हवं होतं.

आता ऑपरेटिंग सिस्टीम. अँड्रॉइडचा मूळ कोड खुला आहे, कुणीही घेऊ शकतो. त्यावर गुगल स्वतःच्या सेवा चढवतं, फोन कंपनी स्वतःची ॲप चढवते, आणि ते सगळं तुमच्या हातात येतं. तोच खुला कोड घेऊन वेगळ्या सिस्टीम बनवणारेही आहेत. लिनिएजओएस जुनी आणि सगळ्यात पसरलेली, शेकडो फोनांवर चालते. फ्रान्समधून आलेली ‘ई’ नावाची एक आहे. आपल्याकडे २०२३ मध्ये भारओएसचा गाजावाजा झाला, पण तुम्ही-मी दुकानात जाऊन घ्यावी अशी ती चीज नाही. मी घेतली ती ग्रॅफीनओएस.

तिची निवड मी एका गोष्टीवर केली, ती जरा समजावून सांगते. फोन सुरू होताना पहिल्यांदा जो छोटा प्रोग्रॅम चालतो तो बूटलोडर. तो तपासतो की पुढची सिस्टीम खरी आहे की कुणी बदललेली. दुसरी सिस्टीम टाकायची तर हे कुलूप उघडावं लागतं. अडचण अशी की बहुतेक फोनांमध्ये नवी सिस्टीम टाकल्यावर कुलूप परत लावता येत नाही. म्हणजे गुगलपासून सुटका झाली, पण ज्याच्या हातात तुमचा फोन तासभर पडला तो आत काहीही घुसवू शकतो. घरातल्याच माणसाची भीती असेल तर हा सौदा वाईट आहे. गुगलच्या पिक्सेल फोनांमध्ये मात्र दुसऱ्याची सिस्टीम टाकून, तिच्या स्वतःच्या चावीने, कुलूप परत लावता येतं. म्हणून ग्रॅफीनओएस पिक्सेलसाठीच बनते. गुगलपासून लांब जायला गुगलचाच फोन विकत घ्यावा लागतो! माझा नवरा अजून यावरून मला चिडवतो.

मी वापरलेला पिक्सेल ८ घेतला. रुंदी ७०.८ मिलिमीटर, पडदा ६.२ इंच, वजन १८७ ग्रॅम. वजन अजून कमी असतं तर बरं झालं असतं. पिक्सेल ४ए १४३ ग्रॅमचा होता, पण त्याची सुरक्षा अपडेट २०२३ मध्येच संपली, आणि अपडेट नसलेला फोन कितीही गोंडस असला तरी घेऊ नये. पिक्सेल ८ ला बाजारात आल्यापासून सात वर्षं अपडेट आहेत, म्हणजे ऑक्टोबर २०३० पर्यंत. वापरलेला घेताना एक तपासणी कराच: सेटिंगमध्ये डेव्हलपर ऑप्शन्स उघडा आणि ‘ओईएम अनलॉकिंग’ चालू करता येतं का बघा. ते फिकं पडून बंद असेल तर तो फोन बहुधा अमेरिकेतल्या एखाद्या मोबाइल कंपनीने बांधलेला आहे. परत द्या, त्यावर काही होणार नाही.

सिस्टीम टाकायला मला चाळीस मिनिटं लागली. लॅपटॉपवर क्रोम, चांगली केबल, आणि त्यांच्या संकेतस्थळावरची बटणं क्रमाने दाबत जायची. कुलूप उघडताना फोन पूर्ण पुसला जातो, लावताना पुन्हा पुसला जातो. फोटो आधी काढून ठेवा.

सुरू झाल्यावर फोन जवळजवळ रिकामा असतो. ब्राउझर, कॅमेरा, फोन, मेसेज, अशी मोजकीच ॲप. अकाउंट विचारतच नाही. गुगल प्ले हवं असेल तर टाकता येतं, पण ते इथे बाकीच्या ॲपसारखं साधं ॲप म्हणून चालतं. नेहमीच्या फोनवर त्याला घरमालकाचे अधिकार असतात, इथे तो भाडेकरू आहे. कुठलंही ॲप टाकताना त्याला इंटरनेट द्यायचं की नाही हेसुद्धा विचारलं जातं. माझ्या नमाजच्या ॲपला इंटरनेट नाही आणि लोकेशनही नाही. मी शहर निवडलं, ते वेळ दाखवतं. व्हॉट्सॲपला मी सगळी संपर्कयादी न देता निवडक वीस-पंचवीस नावं दिली आहेत. त्याला वाटतं माझ्या ओळखीचे एवढेच.

अजून एक सोय मला फार मोलाची वाटते. फोन १८ तास कुणी उघडला नाही तर तो आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू होतो. त्याने काय होतं? फोन सुरू झाल्यावर तुम्ही पहिल्यांदा पिन टाकेपर्यंत आतली माहिती कुलूपबंद असते, तिची चावी मेमरीत नसते. कपाटात, टेबलाच्या खणात किंवा दुसऱ्या कुणाच्या ताब्यात पडून राहिलेला फोन स्वतःहून त्या अवस्थेत जातो.

आता जमत नाही ते. बँका. बँकांची बरीच ॲप गुगलला विचारतात, “हा फोन तुमच्या मान्यतेचा आहे का?” आणि गुगल या सिस्टीमला पूर्ण मान्यता देत नाही. माझ्या दोन बँकांपैकी एकीचं ॲप चालतं, दुसरीचं उघडतं आणि ‘तुमचे उपकरण असुरक्षित आहे’ म्हणून बंद होतं. दर महिन्याला सुरक्षा अपडेट मिळणारा फोन असुरक्षित, आणि चार वर्षं एकही अपडेट न मिळालेला शेजाऱ्याचा फोन सुरक्षित! त्या बँकेचं काम मी ब्राउझरमधून करते. यूपीआय माझं चालतं, तुमचं चालेलच असं छातीठोक सांगणार नाही. टाकण्याआधी आपल्या बँकेचं नाव घालून शोधून बघा. अगदीच अडलं तर *९९# आहे, तो साध्या बटणांच्या फोनवरही चालतो. घरातला जुना फोन फक्त बँकेसाठी ठेवून देणारेही पुष्कळ आहेत, त्यात कमीपणा नाही.

आता अम्मीचा आक्षेप. मी तिला फोन दाखवला तेव्हा ती एकच बोलली: “सगळ्यांसारखा फोन वापर ना. आपल्या पोरांकडे वेगळं काही दिसलं की लोक वेगळा अर्थ काढतात.” यावर मी पटकन उत्तर दिलं नाही, कारण त्यात तथ्य आहे. २०२५ मध्ये स्पेनमधल्या कॅटालोनियाच्या पोलिसांबद्दल बातमी आली होती: तिथे पिक्सेल दिसला की हा अमली पदार्थवाला असेल असा संशय घेतला जातो, कारण गुन्हेगार त्यावर हीच सिस्टीम वापरतात. तिथे ही गत, तर आपल्याकडे नाव विचारल्यावर काय होईल, ही अम्मीची भीती मी खोटी कशी म्हणू? आणि हा फोन सुरू होताना पडद्यावर ‘वेगळी सिस्टीम आहे’ अशी पिवळी सूचनाही येते.

मी तरीही वापरते. ही सिस्टीम वापरणं बेकायदा नाही, तिचा कोड कुणीही वाचू शकतो, आणि पत्रकार, वकील, माझ्यासारखे इंजिनियर ती वापरतात. संशय येऊ नये म्हणून आपण आपली दारं उघडी टाकायची, हा नियम मला मान्य नाही. आणि जेवढे साधे, सरळ लोक असले फोन वापरतील तेवढा तो फोन साधा ठरेल. पण हे मी पुण्यात नोकरी करणारी, ओळखपत्र गळ्यात असणारी बाई म्हणून बोलते आहे. रात्री उशिरा बाइकवरून डिलिव्हरी करणाऱ्या वीस वर्षांच्या मुलाचा हिशेब वेगळा असू शकतो. तो त्याने करावा, मी त्याच्या वतीने करणार नाही.

खालाच्या मुलीला मी असा फोन दिला का? नाही. तिनेच नको म्हटलं. अचानक अनोळखी फोन हातात दिसला असता तर प्रश्न वाढले असते, आणि त्या प्रश्नांना तोंड तिला द्यायचं होतं. जिच्यावर घरात पाळत आहे तिला परस्पर ‘सुरक्षित’ करायला जाऊ नका, आधी तिला विचारा. आम्ही वेगळं केलं. मी तिच्या भावाशी बोललो नाही, तीच बोलली. तिने सांगितलं की परीक्षेच्या अर्जासाठी स्वतःचा ईमेल लागतो, आणि फोन त्याच अकाउंटवर करून घेते. तो थोडा गुरगुरला, मग म्हणाला, “कर.” फोन तोच आहे, अकाउंट तिचं आहे.

आणि हेही ऐका: फोन बदलून सगळं बदलत नाही. सिम आहे तोवर टॉवरला तुम्ही कुठे आहात ते कळतंच. ग्रुपमधला कुणी स्क्रीनशॉट काढून पाठवला तर जगातली कुठलीही सिस्टीम काही करू शकत नाही. जुलै २०२१ मधलं ‘सुल्ली डील्स’ आणि १ जानेवारी २०२२ चं ‘बुल्ली बाई’ आठवा. बोलणाऱ्या, लिहिणाऱ्या मुस्लिम बायकांचे फोटो उचलून त्यांचा खोटा लिलाव मांडला होता. त्या बायकांच्या फोनमध्ये काही उणं नव्हतं. फोटो उघड्यावर होते, कारण त्या उघडपणे बोलत होत्या, आणि तो त्यांचा हक्कच होता. तिथे उपाय पोलीस तक्रार, कोर्ट आणि आपण सोबत उभं राहणं हाच होता. काही जणींनी तक्रारी केल्या म्हणूनच पुढे अटका झाल्या.

नवा फोन परवडत नसेल तर आज, इथे बसल्या बसल्या काही गोष्टी करा. सेटिंगमध्ये गुगल, मग जाहिराती, तिथे ‘ॲडव्हर्टायझिंग आयडी’ पुसून टाका. तुमच्या वेगवेगळ्या ॲपमधली माहिती एकत्र गुंफायला तोच आकडा वापरतात. मग लोकेशनच्या परवानग्यांची यादी उघडा. ‘नेहमी’ लिहिलेलं प्रत्येक ॲप ‘वापरताना’वर आणा, आणि नमाजच्या ॲपचं लोकेशन काढून शहर हाताने निवडा. चार आकड्यांचा पिन सहाचा करा. आणि फोन कोणत्या ईमेलवर चालतो ते बघा. दुसऱ्याचा असेल तर घाईत काही करू नका, मला भेटा.

चहानंतर मी मागच्या खोलीत लॅपटॉप आणि दोन केबल घेऊन बसते आहे. तिघांनी पिक्सेल आणलेत असं कळलं. फोटोंचा बॅकअप घेतल्याशिवाय मी कुणाच्याही फोनला हात लावणार नाही.